बिजलीचा डावा कौल

मी आज, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता, एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतो. परळच्या भोईवाड्याने या शहराला गिरणी कामगार दिले, भजनी बुवा दिले, कॅरम खेळणारे दिले, एकाहून एक भांडखोर वकील दिले. परंतु घोड्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून आत चाचपत, "वा, काय दाढ आहे," असं भक्तिभावाने म्हणणारा माणूस त्याने एकच दिला, आणि तो आमच्या चाळीत माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता.

आम्ही त्याला नुसतं डॉक्टर म्हणायचो. शिक्षणाने तो गुरांचा डॉक्टर. सुरुवातीला म्हणे तो गाई, म्हशी, बोकड, पोपट असं सगळं बघायचा. मग हळूहळू बाकीचे प्राणी गळत गेले आणि घोडे उरले, आणि घोड्यांचंही बाकीचं शरीर गळत जाऊन शेवटी फक्त दात उरले. रेसच्या तबेल्यातले घोडे, रायडिंग शिकवणाऱ्यांचे घोडे, वरातीच्या घोड्या, सगळ्यांचे जबडे त्याला तोंडपाठ. कुणी कुत्रं घेऊन दाराशी आलं, तर तो दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता सांगायचा आणि मग किंचित आशेने विचारायचा, "घोडा वगैरे आहे का घरी?"

माणसं तो चेहऱ्याने ओळखत नसे. लालबागच्या बाजारात एक गृहस्थ त्याला अडवून बराच वेळ घरच्यांची खुशाली विचारत होते. डॉक्टर त्यांच्याकडे वीजमीटर बघावा तसा बघत होता. शेवटी गृहस्थ चिडून म्हणाले, "मोठा माणूस झालास बाबा, आम्हाला कशाला ओळखशील," आणि कुत्सितपणे हसले. तत्क्षणी डॉक्टरचा चेहरा उजळला. "अरे, तू होय. मग तोंड मिटून काय बोलतोस मघापासून?" ते त्याचे सख्खे चुलतभाऊ होते.

पंगतीत त्याच्या शेजारी बसणं म्हणजे परीक्षेला बसणं. दादरच्या एका हॉलमध्ये यजमानांचे थोरले जावई समोर जिलब्या खात होते. डॉक्टर आपलं ताट विसरून त्यांच्याकडे टक लावून बसलेला. मग पुढे वाकून हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही डावीकडे चावत नाही. कधीपासून?"

जावई दचकले. "तुम्ही दातांचे डॉक्टर का?"

"हो."

"अच्छा. दवाखाना कुठे?"

"महालक्ष्मीला. तबेल्यात."

जावईबापूंनी उरलेली जिलबी पानाच्या कडेला सरकवली आणि नंतर ताकसुद्धा जपून प्यायले.

त्याची हत्यारं बॅडमिंटनच्या जुन्या कव्हरात असत. लांब दांड्याच्या कानशी, काही सरळ, काही मानेत वाकलेल्या. एक लोखंडी चौकट, जी घोड्याच्या जबड्यात बसवून खटके लावले की तोंड उघडं ते उघडंच राहतं. नाहीतर घोडा चावेल तो डॉक्टरचा हात असेल. आणि कपाळाला बांधायचा दिवा. हा दिवा काढायचं त्याच्या लक्षात राहत नसे. चाळीच्या मीटिंगला एकदा तो कपाळावर पेटता दिवा घेऊन आला. ज्याच्याकडे वळेल त्याच्या तोंडावर झोत. पाण्याच्या टाकीचा विषय चालला होता. झोत पडताच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपण चोरून मोटर लावल्याचं आपणहून कबूल केलं. डॉक्टर म्हणाला, "मला त्याच्याशी काही नाही, तुमचा पुढचा दात हलतोय."

आता तुम्ही म्हणाल, घोड्याला दातांचा त्रास असा काय असणार? हाच प्रश्न मी एकदा, गाफीलपणे, त्याला विचारला. त्याने लगेच आमच्या घरातल्या दोन बशा मागवल्या, एक मोठी आणि एक लहान. मोठी उपडी करून लहानीवर ठेवली आणि आडवी फिरवायला लागला. "घोडा तुझ्यासारखा वरखाली चावत नाही. जात्यासारखा आडवा दळतो. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. म्हणजे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड दळण्यात सापडतच नाही. तिथे धार चढते. वरची धार गाल कापते, खालची जीभ. आणि दात तर आयुष्यभर वर सरकत असतो." माळरानावर दिवसभर गवत चरणारा घोडा जबडा चांगला ऐसपैस फिरवतो, त्याचं बरंचसं काम गवतच करतं. तबेल्यात दाणा खाणारा मात्र थोडक्यात चावून मोकळा होतो, आणि धारा वाढतच राहतात. मग कानस.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकेक प्रकरण. तरुण घोड्यांचे दुधाचे दात नव्या दाढेवर टोपीसारखे अडकून बसतात, ते उचकटायचे. पहिल्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना एक चिमुकला दात येतो, तो लगामाच्या सळईला लागतो आणि घोडा मान झटकतो. त्याला डॉक्टर "आमच्या चाळीचा सेक्रेटरी" म्हणायचा. काम काही नाही, फक्त मध्ये येतो. काढून टाकला की सगळ्यांना बरं वाटतं. एका घोड्याची एकच नाकपुडी वाहत होती आणि तबेल्यातले लोक सर्दी म्हणून त्याला वाफारे देत होते. डॉक्टर नुसता जवळून गेला, हुंगला आणि म्हणाला, "सर्दीला असा वास येत नाही. वरच्या दाढेचं मूळ सडलंय." मागच्या दाढांची मुळं थेट नाकाच्या बाजूच्या पोकळीला भिडलेली असतात, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

एक गोष्ट मात्र तो हसण्यावारी नेत नसे. कानस मारायची ती मोजकी. "घोडा जन्मभराचा दात आधीच हिरडीखाली घेऊन येतो," तो म्हणायचा. "तोच थोडा थोडा वर येतो. संपला की संपला. नवीन होत नाही. मी जास्त घासला, तर त्याच्या म्हातारपणातला घास मी खाल्ला."  

असा हा माणूस पन्नाशी उलटून गेली तरी लग्नाशिवाय राहिला, याचं आम्हाला नवल नव्हतं. नवल पुढेच घडलं. त्याची स्वतःची दाढ दुखायला लागली. गिरगावातल्या एका गल्लीत दवाखाना असलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तो गेला. बाई विधवा, त्याच्याच वयाच्या, शांत. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने त्यांच्या हत्यारांना नावं ठेवायला सुरुवात केली. "एवढीशी कानस?" बाईंनी ऐकून घेतलं, त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि काम संपेपर्यंत काढला नाही. डॉक्टरला इतका वेळ गप्प ठेवणारी ही जगातली पहिली व्यक्ती. तो परत आला तो गालावर हात ठेवून आणि वेगळ्याच नजरेने. पुढे त्याच्या बाकीच्या दाढाही एकामागून एक दुखू लागल्या.

शेवटी त्याने लग्नाचं विचारलं आणि बाईंकडून होकार आला. अडलं ते डॉक्टरच्या आईपाशी. काकी ऐंशीच्या पुढच्या, मूळ मालवणकडच्या. नवरा गिरणीत गेला, मुलगा घोड्यांत गेला, तरी काकींचा सगळा कारभार गावच्या देवाच्या कौलावर चाले. देवाला फुलं लावायची, मनातला प्रश्न सांगायचा. उजवीकडचं फूल पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. "कौल मिळाल्याबिगर मी ह्या लग्नाक हां म्हणूचंय नाय," काकींनी सांगून टाकलं. आणि काकींच्या होकाराशिवाय डॉक्टर लग्न करणार नव्हता. घोड्याच्या जबड्याला न भिणारा हा माणूस आईसमोर मात्र लगाम घातल्यासारखा उभा राहायचा.

पण गुडघे गेलेले, गावी जाणार कशा? तेव्हा काकींनी एक सोय काढली, आणि ती फक्त मला माहीत होती, कारण हाताला धरून त्यांना जिना मीच उतरवायचो. मागच्या गल्लीत गफूरभाईंची वरातीची घोडी असे. नाव बिजली. वयाने आणि स्वभावाने ती नावाला कधीच शोभली नव्हती. काकींच्या देवाचं वाहन घोडा. देव गावाला असला तरी वाहन कुठेही उभं राहू शकतं, असा काकींचा हिशेब. दसऱ्याला बिजलीला गवत भरवताना काकींनी मनात विचारलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन करू की नको. बिजलीने घास चघळला आणि ओला गोळा तोंडाच्या डाव्या बाजूने खाली टाकला. काकींनी ऑपरेशन केलं नाही आणि पुढे गुडघ्याची सूज बरीच उतरली. झालं. "देवळात जाऊक पाय नायत म्हणान देवान घोडी धाडल्यान," काकी म्हणाल्या.

लग्नाचा प्रश्न घेऊन आम्ही गेलो तेव्हा गोळा पुन्हा डावीकडेच पडला. काकी परतल्या. डॉक्टरला सांगायचं काम माझ्यावर आलं.

तो गॅलरीत कानशी पुसत बसला होता. मी शब्द जुळवत, जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. कौल, घोडी, डावी बाजू, नकार. मला वाटलं आता हा कोसळेल.

"गोळा पडला?" तो म्हणाला.

"हो. डावीकडे. म्हणजे काकी म्हणतात..."

"केवढा?"

"अरे, लग्न मोडलं तुझं."

"ते कळलं. गोळा केवढा? लिंबाएवढा की पेरूएवढा?"

"लिंबाएवढा."

"अर्धवट चावलेला, लाळेत भिजलेला, गुंडाळल्यासारखा?"

"हो."

"शेणात आख्खे दाणे दिसतात का?"

"मी काय शेण बघायला गेलो होतो?"

"गेलाच होतास, तर बघून यायला काय झालं होतं," असं म्हणून तो चपला घालून निघालासुद्धा. मी मागे. बिजलीपाशी जाऊन त्याने पाहिलं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. घास घेताना ती मान एका अंगाला कलती करायची. पायाशी वाळलेले गोळे. त्याने बाहेरून गालावर नुसता अंगठा दाबला, तशी ती मागे सरकली.

"बुढी हो गयी डॉक्टरसाब, नखरा करती है," गफूरभाई म्हणाले. "इस सीझन के बाद निकालने का सोचता हूँ. वरात में गर्दन मारती है, दूल्हा गिरेगा किसी दिन."

"नखरा नाही, दाढ आहे. डावीकडची धार गालात रुतलीय. म्हणून घास बाहेर टाकते." मग डॉक्टर माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला. कौलाचा अर्थ आत्ता त्याच्यापर्यंत पोचला होता. "पंचाईत झाली रे. मी हिची दाढ घासली तर आई म्हणेल, पोराने कौल फिरवला."

"आणि नाही घासलीस तर?"

"तर ही उपाशी मरेल."

त्याने काकींना सगळं सरळ सांगितलं. बशा काढल्या, फिरवून दाखवल्या. "आई, हा देवाचा निकाल नाही, दाढेचा आहे."

काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मगे दाढेत देव नाय कशावरसून?"

डॉक्टरच्या हातातली बशी फिरायची थांबली. काकीच पुढे म्हणाल्या, "जनावराक दुखता तर कर तू तुझा काम. मगे मी परत इचारतलंय. तेव्हा काय ता दिसात."

आता इथे माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती मला आजही वाईट वाटत नाही. मी डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणालो, "डावीकडची सगळी घास, पण उजवीकडे एखादं टोक राहू दे ना. थोडंसं. गोळा उजवीकडून पडेल, काकी खूश, तू खूश. नंतर सावकाश तेही काढ."

डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की, मी त्या पहिल्या दाढेपुढचा निरुपयोगी दात आहे हे मला न बोलता कळलं. "दोन्हीकडचं नीट केलं तर काही पडणारच नाही," तो म्हणाला. "होकार नाही, नकारही नाही. आई जन्मभर वाट बघत बसेल, आणि मीही. पण घोड्याच्या तोंडात टोचणारं काही ठेवून मी हात बाहेर काढणार नाही."

रविवारी सकाळी काम झालं. गिरगावच्या बाईही आल्या होत्या, त्याने बोलावलं म्हणून की त्यांना बघायचं होतं म्हणून, ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही. बिजलीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. तिची मान जड झाली, खालचा ओठ लोंबायला लागला. तिचं डोकं वर धरायचं काम गफूरभाईंचं आणि माझं. घोड्याचं डोकं किती वजनदार असतं हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी जरूर घ्यावं, मी पुन्हा घेणार नाही. पिचकारीने तोंड धुतलं, चौकट बसवली, दिवा पेटला. डॉक्टरचा हात कोपरापर्यंत आत गेला. डोळे मिटले. सगळी गल्ली टाचा उंचावून बघत होती.

"फुटक्या बांगडीसारखी धार आहे," तो म्हणाला. "आणि गालात जखम. अगदी शेवटच्या खालच्या दाढेला आकडाही आलाय. कुणाला बघायचंय? हात घाला."

गल्ली एकजात मागे सरकली. बाईंनी मात्र मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं, बाही वर केली आणि हात घातला. थोडा वेळ त्या आत चाचपत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "किती दिवस सोसत असेल ही."  डॉक्टरने दिवा त्यांच्या कपाळाला बांधला आणि कानस घेतली. नारळ खवावा तसा आवाज गल्लीभर पसरला. थोडं घासायचं, थांबायचं, बोटाने बघायचं, परत थोडं. आधी डावीकडे, मग उजवीकडेही, तितक्याच इमानाने. बाईंची साडी खांद्यापर्यंत घोड्याच्या लाळेने भिजली होती, आणि वर गॅलरीत कठड्याला धरून काकी उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

गालातली जखम भरेपर्यंत डॉक्टरने बिजलीला भिजवलेला कोंडा आणि मऊ चाराच द्यायला लावला. पंधरवड्यानंतर काकी म्हणाल्या, "चल रे झिला." मी त्यांना जिना उतरवला. डॉक्टर आधीच गल्लीत होता आणि बिजलीचे खूर तपासत असल्याचं नाटक करत होता. या माणसाने आयुष्यात खुरांकडे कधी पाहिलं नव्हतं.

काकींनी डोळे मिटून प्रश्न विचारला आणि गवत पुढे केलं. बिजलीने घेतलं. चावलं, चांगलं ऐसपैस, जबडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. काहीच पडलं नाही. काकींनी दुसरी मूठ दिली. तीही गेली. तिसरी. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, एक काडीसुद्धा खाली नाही. गवत संपल्यावर बिजलीने काकींचा रिकामा तळवा चाटला आणि आणखी आहे का म्हणून पदराला तोंड लावलं. काकी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. डॉक्टर खूर सोडून ताठ उभा राहिला होता. आईकडे बघण्याचा धीर त्याला होत नव्हता.

गफूरभाईंनी बिजलीला त्या सीझननंतर काढून टाकलं नाही, पुढेही नाही. डॉक्टर आता गिरगावात राहतो. एकाच पाटीवर दोन डॉक्टर आहेत, आणि कुठला डॉक्टर कुणाचा, हे खाली बारीक अक्षरात लिहिलंय. आमच्या खालच्या गॅलरीत कुणी कानशी पुसत बसत नाही. पंगतीत मी कुठल्या बाजूने चावतो, याची आता कुणालाच काळजी नाही. काकीही गेल्या. जिना उतरताना माझा हात अजून कधीकधी आपसूक मागे जातो.

कौल विचारून त्या संध्याकाळी परत येताना काकी प्रत्येक पायरीवर थांबत होत्या.  डॉक्टर आमच्यामागे, चार पायऱ्या सोडून. दाराशी पोचल्यावर काकींनी उंबऱ्यावर हात टेकला, दम घेतला, मागे न बघताच मला म्हणाल्या,

"त्या बाईक सांगान ठेव, ह्येका भात मऊ लागता."